फॉरेनची फी

कोराडी रोड, नागपूर
दि. ११ फेब्रुवारी २०२५

आदरणीय दादास,
सप्रेम जय भीम.

आमच्याकडे जेवढं ठीक म्हणता येईल तेवढं ठीक आहे. वहिनी आणि पिंकी बऱ्या असतील. खाप्याला नदीकाठची थंडी अजून असेल. इथं उन्हं आत्ताच चटकायला लागली.

फोन तू कापतोस, म्हणून पत्र लिहितो आहे. फाडायचं तर शेवटपर्यंत वाचून फाड. सिंधूताई रामदासपेठेत दवाखान्यात भरती आहे आणि तू तिला भेटायला यावंस, एवढंच मला म्हणायचं आहे. पण नुसतं एवढं लिहिलं तर तू येणार नाहीस, मी तुला ओळखतो. म्हणून आधी फीचं ऐक.

दिवाळीनंतर मी तुला क्रूझचं सांगायला फोन केला होता. "क्रूझ" एवढा शब्द ऐकलास आणि कापलास. सिंगापूरहून निघणारं मोठं जहाज, राहणं-खाणं सगळं त्यावरच. ही कल्पना ताईचीच. आईला श्रीलंकेला न्यायचं म्हणून आपण तिघांनी पासपोर्ट काढले होते. आई गेली आणि ते कोरेच पडून राहिले. ताई म्हणे, तिघं भावंडं एका खोलीत राहू. मी म्हटलं, तो आपल्या अंगणात पाय ठेवत नाही, जहाजावर काय येतो? तर म्हणते, "एकदा चढला का झालं. समुद्रात रुसून कुठं जाईल तो? खाप्याची बस थोडीच लागते तिथं!"

हसू नकोस. आई गेली त्या दिवशी तू उशिरा पोचलास आणि ताई दारातच तुला म्हणाली, "आता काहून आला?" ते तू मनात धरून बसलास. तीही बसली. माफी मागणं तिच्या जिभेला जमत नाही, तुलाही कुठं जमतं म्हणा. आपल्या घरात ती रीतच नाही. म्हणून तिने पेन्शनमधून जहाज काढलं.

कॉम्प्युटरवर मी बसलो. कार्ड ताईचं, ओटीपी तिच्या मोबाइलवर. भाडं डॉलरमध्ये होतं आणि शेवटी विचारलं होतं, डॉलरमध्ये भरता की रुपयांत? मी म्हटलं, माणूस आपला, बँक आपली, कार्ड आपलं, मग डॉलर काहून? रुपया दाबला. फॉरेनची फी वाचवली म्हणून ताईला ऐटीत चहा मागितला. बिल आलं तर फी होतीच, वर तिचा जीएसटी, आणि रुपयाचा भाव क्रूझवाल्यांनी आपल्या मनाचा लावलेला. म्हणजे हुशारी करायला गेलो आणि दोन्हीकडून कापला गेलो. तरातरा बँकेत गेलो. रितिका नावाची एक पोरगी होती. ती शांतपणे म्हणाली, काका, रुपये तुम्ही निवडले, पण दुकान तर बाहेरच्या देशातच आहे ना. माझा पारा चढला, मी तिला नाही नाही ते बोललो. तिची काही चूक नव्हती.

घरी येऊन तणतणत होतो तर ताई म्हणाली, "जाऊ दे गा. रुसलेल्या भावाले आणाची फी समज."

आता ऐक, दादा. तू हो म्हणाला आहेस, असं मी तिला सांगून टाकलं होतं. वाटलं, जायच्या आधी खाप्याला येऊन तुझे पाय धरू, ऐकशील. पण तिकीट दोघांचंच काढलं होतं. तिसरं नाव नंतर जोडता येतं, असं तिथं लिहिलं होतं. रक्कम तिला कमी वाटली तेव्हा म्हणालो, सवलत मिळाली. बिलात जास्त वाटली तेव्हा म्हणालो, फी. त्या फीला शिव्या देत होतो खरा, पण तिचा मला मोठा आधार झाला. काही जुळेना की फॉरेनची फी म्हणायचं. ताई मान हलवायची.

मग तिचं पोट दुखायला लागलं. नर्स ना ती, आपल्याच मनाने गोळ्या खाऊन दिवस काढले. डोळे पिवळे पडले तेव्हा कुठं दवाखान्यात यायला तयार झाली. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. पसरला आहे, प्रवासाचं नाव काढू नका, असं डॉक्टर बाहेर बोलावून मला म्हणाले. मी गुपचूप बुकिंग रद्द केलं आणि तिला सांगितलं, जहाजाची तारीख पुढे गेली.

रोज संध्याकाळी ती मला विचारायची, दादाने बॅग भरली काय? त्याला स्वेटर घ्यायला सांग, समुद्रावर वारा असतो. मी म्हणायचो, सांगतो.

गेल्या आठवड्यात परताव्याचा मेसेज आला. कार्ड तिचं, तर मेसेज तिच्याच मोबाइलवर येणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी तिला चमच्याने पेज भरवत होतो. फी परत आलीच नव्हती, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. क्रूझवाल्यांच्या निरोपात रद्द झालेल्या प्रवाशांची नावं होती. तिने चष्मा मागितला, परत परत वाचलं. मला वाटलं, जहाज काहून रद्द केलं म्हणून विचारेल. आपल्याला काय झालं आहे ते विचारेल. ते तिला माझ्याआधी कळलेलं होतं.

"दादाचं नाव कुठी आहे?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून काय निघावं? म्हणालो, फॉरेनच्या फीमध्ये गेलं असेल. जिभेला सवयच लागली होती.

"फीमधी माणूस कापते का गा, प्रेमा?"

रागावली नाही. पेज नको म्हणाली आणि भिंतीकडे वळली. त्या दिवसापासून तिने तुझं नाव काढलं नाही. रोज विचारायची तेव्हा मला धास्ती वाटायची. आता विचारत नाही, तर संध्याकाळ झाली की मी दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहतो, आत जाववत नाही. कामिनी घरून डबा घेऊन येते आणि नवऱ्याला लहान पोरासारखं हात धरून आत नेते.

काल डॉक्टर म्हणाले, यांना घरी न्या. ताईने जन्मभर दुसऱ्यांच्या माणसांना हेच सांगितलं आहे, त्याचा अर्थ तिला समजावावा लागला नाही. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला. "खाट आईच्या खोलीत टाक. दाराकडं तोंड करून." 

उद्या दुपारी तिला घरी आणतो आहे. शेजारचा नत्थू सकाळच्या बसने खाप्याला येणार आहे, हे पत्र तो तुझ्या हातातच देईल. त्याच बसने परत निघता येतं.

दादा, मला तुझा फार राग येतो. तीन शब्दांवर तू इतकी वर्षं बसलास. त्याहून जास्त राग मला माझा येतो. पाय धरायला खाप्याला मी आलोच नाही, कॉम्प्युटरवर बटणं दाबत बसलो. पण ते आपण नंतर भांडू.

येताना काही आणू नकोस, तिला खाल्लं जात नाही. माफीबिफीचंही काही बोलू नकोस. नुसता दारातून आत ये. या वेळी "आता काहून आला" असं कोणी म्हणणार नाही. म्हणायला दम लागतो, तो ताईजवळ उरला नाही.

दोघांचंच तिकीट काढणारा,
तुझा धाकटा भाऊ,
प्रेमानंद