सहाशेची लेन्स धुराड्यापर्यंत पोहोचवण्याबाबत

प्रति,
मा. खरेदी अधिकारी,
मध्यवर्ती कार्यालय, दुसरा मजला.

विषय: सहाशे मिलिमीटरची झूम लेन्स कपाटातून आजच बाहेर काढणेबाबत.
संदर्भ: लेन्स निवड समितीची बैठक व तीत वापरलेला चहाचा कप.

महोदय,

१. अर्जदार आपल्याच कार्यालयाचा छायाचित्रकार आहे. बंद कारखान्याचे धुराडे उद्या सकाळी पाडायचे असून त्याच्या टोकावर करकोच्यांनी घरटे केले आहे, हे आपणास विदित आहेच. घरट्यात पिल्ले असल्याचा स्पष्ट फोटो आणल्यास पाडकाम थांबवू, असे आपणच म्हणाला होतात. ते ऐकून अर्जदाराच्या जिवात जीव आला होता.

२. त्याकरिता दोन लेन्स चाचणीस आल्या. दोनशेची हलकी, दिसायला गोजिरी. सहाशेची अंगापिंडाने दांडगी, पण लांबचे जवळ आणणारी. समितीने रीतीप्रमाणे दोन्ही बसल्या जागी तपासल्या आणि नेम धरला तो टेबलावरच्या चहाच्या कपावर. दोनशेचीने कपाचा उडालेला टवकासुद्धा टिपला. सहाशेचीला इतक्या जवळचे दिसत नाही, चार पावले मागे जावे लागते, असे अर्जदाराने हात जोडून सांगितले. त्यावर अध्यक्ष म्हणाले, "लेन्ससाठी समिती उठत नसते." सबब सहाशेची ‘अंधुक दिसते’ असा शेरा खाऊन कपाटात कुलूपबंद झाली.

३. अर्जदाराने मग दोनशेचीने खालून फोटो काढला. त्यातील पिल्लास आपण ठिपका म्हणालात आणि तो रुमालाने पुसूनही पाहिलात. साहेब, तो ठिपका चोच उघडून खायला मागत होता हो.

४. नाइलाजाने अर्जदार काल दोनशेची गळ्यात अडकवून लोखंडी शिडीने धुराड्यावर चढला. पिल्ले दोन असून गुटगुटीत आहेत. परंतु आता ती दोनशेचीलाही फार जवळ पडतात आणि वर मागे सरकायला जागा नाही. धाकटे तर लेन्सवरच येऊन बसते. चढला तो चढला, आता उतरण्याची पंचाईत आहे, कारण पिल्लांची आई शिडीकडे पाय वळवू देत नाही. तिची चोच कुठे कुठे लागली, हे लेखी कळवणे अर्जदारास प्रशस्त वाटत नाही.

५. अर्जदाराची पत्नी दोरीने डबा वर पाठवते व हा अर्ज त्याच डब्यातून खाली येत आहे. डबा भरून आणण्यापुरती घरी जाते ती सोडल्यास काल दुपारपासून ती धुराड्याखालीच उभी आहे. तिने एवढेच विचारले, "पक्षी वाचतील, पण तुमचं काय?" याचे उत्तर आपल्याकडे आहे.

६. तरी उद्या पाडकामापूर्वी आपण समितीसह सहाशेची घेऊन धुराड्याखाली यावे. कप आणू नये. मान वर करून पाहिल्यास दोन पिल्ले, त्यांची आई आणि अर्जदार, असे चौघेही स्वच्छ दिसतील. त्यानंतर धुराडे पाडायचे की नाही, ते खुशाल ठरवावे.

आपला नम्र, परंतु तूर्त आपल्याहून उंचावर असलेला,
कार्यालयीन छायाचित्रकार
(सही वाकडी आहे, धाकटे हातावर बसले आहे.)

दिनांक: पाडकामाचा आदला दिवस

सोबत:
१) कपाचा फोटो, अत्यंत स्पष्ट
२) पिल्लाचा फोटो, कृपया पुसू नये
३) रिकामा डबा, पत्नीस द्यावा व उद्याचाही भरून ठेवण्यास सांगावे