उकडलेल्या बटाट्याला फेस येत नाही

प्रिय पुनम,

तुझी नांदेडची एसटी गेली आणि घर गप्प झालं. लिंगपूजा आटोपून लिहायला बसले. अप्पांचा गुडघा बरा आहे. उद्या ते नांदेडला येतायत, हे पत्र त्यांच्याजवळच देते. फोनवर मला एवढं बोलवणार नाही.

जखम धुवायच्या औषधाची, त्या हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली तू ओट्यावर विसरलीस. टाकवेना, म्हणून तू दाखवलंस तसंच काल मी करून पाहिलं. कच्च्या बटाट्यावर थेंब टाकले तर फसफसून फेस आला. उकडलेल्यावर काहीच नाही. शेजारच्या अंजूवहिनी म्हणतात, "मल्लम्माबाई, बटाट्याला साबण लावून राहिल्या काय?" मग त्यांना तुझाच धडा सांगितला. म्हटलं, या बाटलीतल्यासारखं झोंबणारं पाणी आपल्या अंगातही थोडं थोडं तयार होत असतं. पेशीतलं कॅटलेज नावाचं एन्झाइम त्याचं साधं पाणी आणि प्राणवायू करून टाकतं. फेस त्या प्राणवायूचा. उकडलं की एन्झाइम बिघडतं, काम बंद.

तुझ्या कोपराजवळच्या पांढऱ्या डागात हेच काम कमी पडत असावं, पुरतं कारण अजून कुणाला ठाऊक नाही, असं तू म्हणाली होतीस. त्या डागापायी मी किती सोमवार अळणी जेवले. तुझ्या ताटातलं दही, चिंच, लोणचं काढून घेतलं. लोक म्हणतात, दुधावर मासे खाल्ले की डाग येतो. आपल्या घरात मासा कुणी पाहिलाय? तरी मी पाप शोधत बसले, तुझं की आई म्हणून माझं. काल बटाट्याकडे बघत बसले आणि वाटलं, या उकडलेल्यानं कोणतं पाप केलं होतं?

रविवारी अहमदपूरहून दयानंदच्या घरचे तुला पाहायला येणार, म्हणून मी लांब बाह्यांचं पोलकं शिवलं. "अव्वा, आधी सांगून टाक," म्हणालीस, तर तुला गप्प केलं.

आज सकाळी मीच दयानंदच्या आईला फोन लावला. डागाचं सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "घरात विचारून कळवते." अजून कळवलं नाही. येतील तर येतील, न्हाई तर न्हाई. तू मात्र शनिवारी ये. पोलक्याच्या बाह्या मी कोपराच्या वर घेतल्यात, उरलेल्या कापडाचे दोन रुमाल झाले. लोणच्याची बरणीही फळीवरून खाली काढून ठेवली आहे.

तुझीच,
अव्वा