बाळंतपणाच्या रजेतली सही

बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल चांगलंच बोलायचं, असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मी त्यात नाही.

पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून मी पोलादपूरला तुमच्या घरात होते. आई आळिवाची खीर ढवळते आहे, स्वयंपाकघराच्या दाराशी बाजेवर मी, मांडीवर बारा दिवसांची मुलगी. तुम्ही महाडच्या औद्योगिक वसाहतीतून पहिली पाळी संपवून येता आणि डब्याच्या पिशवीतून कागद काढता. "सही कर गो. रजेचाच कागद हाय. वाचत बसू नको, पोर उठेल." तो माझा राजीनामा होता. नोकरीला आपण दोघं एकाच कारखान्यात. तुम्ही टाइम ऑफिसात, मी बी.एस्सी. होऊन प्रयोगशाळेत. बाळंतपणाच्या पगारी रजेवरच्या बाईला कामावरून काढता येत नाही, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्या कायद्याचा तक्ता हजेरीच्या कार्डांच्या फळीवर तुम्हीच खिळा ठोकून टांगला होता. काढता येत नाही, म्हणून तुम्ही मला सोडायला लावलंत. पुढच्या महिन्यात माझ्या टेबलाशी धाकटा भाऊ बसला, ज्याला लिटमस आणि टीपकागद सारखेच. मी भांडले तेव्हा तुम्ही भात कालवत म्हणालात, "नोकरी घरातच रायली ना? मग बोंबलतेस कशाला?"

नंतर दुसऱ्या कारखान्यात मी माझ्या हिमतीवर लागले. आज तिथे रजा मीच मंजूर करते. काल पॅकिंगमधली एक मुलगी आली, सातवा महिना. सोबत सासरा, हातात तिच्या सहीचा राजीनामा. "सूनबाईला घाटातनं येनं जमायचं नाय, मॅडम. त्या जागी आमच्या धाकट्याला घ्या." मी त्याला बाहेर बसवलं. "आमच्या घरातलं तुमी काय ठरवताव?" म्हणून तो पुटपुटला. मी दार लावलं. तिला विचारलं, नोकरी हवी की नको? "हवी." कागद फाडला, रजेचा अर्ज पुढे केला. रजेत पगार चालू राहील, परत येशील तेव्हा जागा तुझीच, कोणी काही म्हणालं तर माझ्याकडे यायचं, असं बजावलं. मग जरा रागानेच म्हटलं, "सही करण्याआधी वाचायचं नाही का?"

"वाचला व्हता, मॅडम," ती म्हणाली. "सासरे समोर उभे व्हते."

मी फाडलेल्या कागदाचे तुकडे गोळा करून टोपलीत टाकले.

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून लिहिते. इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की बापाने मला फसवून सही घेतली. तुमच्यावरचा राग आहे तेवढाच आहे. पण तो कागद मी वाचला होता, बाबा. शेवटच्या ओळीपर्यंत. मुलगी गाढ झोपली होती.