लेफच्या वाटणीचा पाद्री

३ मे १८८१

लेफ बर्डेट आला आणि थेट कळपाच्या तोंडावर गेला. मी शेपटीला! पाच वर्षं हॅस्केल मुकादमाच्या प्रत्येक कळपाच्या तोंडावर मी चाललो. टेक्सासपासून कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत माझ्यापुढे फक्त गवत असायचं. आज दिवसभर मागून लंगड्या गाई हाकल्या आणि धूळ खाल्ली. मुकादम म्हणे, "ऑरिन, या खेपेला मागे मला भरवशाचा माणूस हवा."

भरवशाचा! भरवशाच्या माणसाला कोणी धूळ चारतं का?

४ मे

लेफ फार हसतो. दात चांगले आहेत, म्हणून हसतो.

६ मे

काल चुकार गुरं हुडकायला गेलो होतो. परत येईपर्यंत घोड्यांची वाटणी उरकलेली; खेपेसाठी प्रत्येकाला सात-आठ घोडे मिळतात. माझ्या वाट्याला या वर्षी सगळे शहाणे घोडे. जुनी तपकिरी घोडीही मलाच. नशीब म्हणायचं.

आणि पाद्री गेलाय लेफकडे.

पाद्री म्हणजे तो काळा, गळ्याशी पांढरा पट्टा असलेला. जमिनीवर देवमाणूस. नदीतही मोकळा सोडला तर निमूट पोहतो. पण पाठीवर माणूस असताना पाणी कानाला लागलं की त्याच्या अंगात येतं. मागच्या पायांवर उभा राहतो आणि स्वाराला खाली घेऊन उताणा पडतो. गेल्या वर्षी रेड नदीत मला घेऊन पडला होता. एका बैलाची शेपटी हाताला लागली म्हणून आज हे लिहितोय. ते पाहिलेले दोघेच या वर्षी बरोबर आहेत — मुकादम आणि आमचा स्वयंपाकी झेबकाका.

दोघंही लेफला काही सांगणार नाहीत. मीही नाही. आमच्यात दुसऱ्याच्या वाटणीच्या घोड्याबद्दल तोंड उघडत नाहीत. उघडलं तर त्याला 'तुला घोड्यातलं कळत नाही' म्हटल्यासारखं होतं, माणसं त्यावरून हातघाईवर आलेली आहेत. त्याने आपणहून विचारलं तर सांगायचं. पण विचारणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. विचारलं म्हणजे स्वतःची नाचक्की.

तेव्हा मी काही चुकीचं करत नाही. रीत आहे ती.

९ मे

झेबकाकाने काकवीत वाळकी सफरचंदं शिजवली. लेफच्या ताटात दोनदा वाढली. मी ताट पुढे केलं तर म्हणतो, संपली! भांड्याच्या तळाशी मला दिसत होती.

१० मे

लेफ गातो. गुरं बसलेली असताना भोवती फेरी मारत गातो आणि बुजरे बैलसुद्धा रवंथ करत पडून राहतात. मी गायलो तर निम्मी उठून उभी राहतात. मुकादम हे सगळ्यांदेखत बोलला आणि सगळे हसले. मीही हसलो. हसताना गाल दुखले.

१३ मे

गुरांच्या गळ्यात टाकायचा त्याचा फास आज एकदाही चुकला नाही. मी मोजत नव्हतो. पण चुकला असता तर दिसलं असतं.

मला ठाऊक आहे हे काय आहे. जळतो मी! वयाची चाळिशी जवळ आली आणि एखाद्या म्हाताऱ्या नवऱ्यासारखा जळतो. तो वाईट असता तर बरं झालं असतं. परवा माझ्या घोडीच्या खोगिराचा तंग सैल दिसला तर स्वतः खाली उतरून आवळून गेला, वर बोललाही नाही. आभार मानावे लागले. ते आभार अजून घशात अडकलेत.

१५ मे

संध्याकाळी लेफ माझ्याजवळ येऊन बसला. पाद्री बाजूलाच चरत होता. लेफने विचारलं, रेड नदी आता किती लांब? मी म्हणालो, जवळ आली, वर पाऊस झालाय, फुगलेली असेल. तो हं म्हणाला. मग बराच वेळ नुसता पाद्रीकडे बघत होता. मी तंबाखूची गुंडाळी वळत होतो. ती वळून झाली, ओढून झाली. तरी तो बसलेलाच.

मग पँट झटकून उठला. "चांगला घोडा आहे," म्हणाला.

"आहे," मी म्हणालो.

एक शब्द. खोटा नाही तो. पण आता लिहून पुन्हा पुन्हा वाचतोय.

१६ मे

सांगून टाकतो. रीत गेली खड्ड्यात. फार तर मला एक ठोसा मारील.

१७ मे

नाही सांगितलं. सांगायलाच निघालो होतो, घोडी त्याच्या दिशेने वळवलीसुद्धा. तर मुकादम त्याच्या शेजारून चालला होता, हात त्याच्या खांद्यावर. पाच वर्षांत मुकादमाने माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही. तसाच मागे फिरलो, माझ्या लंगड्या गाईंकडे.

उद्या नदी.

१९ मे

काल लिहिता आलं नाही. आज सगळं लिहितो, कारण कोणाला तरी सांगायला हवं आणि माणसांना सांगायची लाज वाटते.

काल सकाळी लेफने नदीसाठी करडा घोडा निवडला. पाद्रीला मोकळ्या घोड्यांबरोबर पोहायला सोडलं. ते पाहिलं आणि माझा हिरमोड झाला. हो, हिरमोड! सुटलो असं वाटायला हवं होतं. ते वाटलं, पण मागाहून. आधी काय वाटलं ते मला ठाऊक आहे.

तो पुढची गुरं घेऊन पार गेला. नदी लाल, काठोकाठ, वरून झाडंच्या झाडं वाहत येत होती. मी शेवटचा, शेपटीच्या गुरांबरोबर पाण्यात उतरलो. मधोमध असताना एक ओंडका घोडीच्या कुशीत बसला. ती उलटली, मी खाली गेलो, वर आलो तेव्हा घोडी लांब होती आणि माझ्या बुटांत पाणी भरलेलं. मला पोहता येत नाही. आमच्यापैकी कोणालाच नीट येत नाही.

पलीकडच्या काठावर लेफ होता. करडा घोडा दमला म्हणून त्याने खोगीर पाद्रीवर चढवलं होतं. मी पाण्यातून पाहिलं — त्याने एक क्षणही थांबून विचार केला नाही. पाद्रीला टाच मारली आणि आला. पाणी पाद्रीच्या छातीशी, मानेशी... मी ओरडलो, "नको! तो घोडा नको!" तेव्हा ओरडलो! तोंडात पाणी गेलं, त्याला ऐकूसुद्धा गेलं नसेल.

त्याने माझी कॉलर धरली, एका बैलाकडे ढकललं आणि शेपटी माझ्या हातात दिली. त्याच वेळी पाद्री उभा राहिला. पांढरा पट्टा पाण्याबाहेर आला तेवढा दिसला. मग दोघंही दिसेनात.

खालच्या वाळूच्या पट्ट्यावर सापडला लेफ. जिवंत, पण मांडीचं हाड मोडलंय. मुकादमाने ते ओढून बसवलं तेव्हा मी त्याचे खांदे धरले होते. त्याची किंकाळी माझ्या छातीत घुसली. तो मला म्हणाला, "ऑरिन, जरा जोरात धर की. म्हातारा झालास काय?"

माझा एक शब्द. पंधरा तारखेला, पाद्री समोर चरत असताना. तेवढा शब्द मी त्याला दिला नाही.

२० मे

लेफ स्वयंपाकाच्या गाडीत, पिठाच्या पोत्यांवर. पुढच्या गावी डॉक्टर आहे म्हणतात. मुकादमाने मला पुन्हा तोंडावर घातलं. पुढे नुसतं गवत, कुठे धूळ नाही. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही.

२१ मे

झेबकाकाने सफरचंदं केली. आज मला भरपूर वाढली. गिळेनात. ताट उचलून लेफला नेऊन दिलं. त्याने ती खाल्ली आणि माझ्या घोडीची चौकशी केली. वाचली, म्हणालो. फार बरं झालं, म्हणाला.

२३ मे

आज न राहवून झेबकाकाला म्हणालो, पाद्रीची खोड लेफला ठाऊक असती तर त्याचा पाय शाबूत राहिला असता. काका कणीक मळत होता, त्याने मान वरसुद्धा केली नाही.

"ठाऊक नव्हती कशी? वाटणीच्या दिवशी तू गुरं हुडकायला गेला होतास. घोडे कमी, म्हणून मुकादम पाद्रीला पुन्हा तुझ्याच गळ्यात घालत होता. मी तोंड वाकडं केलं. तर हा लेफ सगळ्यांदेखत विचारतो, काय खोड आहे त्याची? विचारलंन् तेव्हा सांगितलं आम्ही. म्हणाला, तो माणूस एकदा बुडता बुडता वाचलाय, त्याला नको, मला द्या. आणि त्याला कळू देऊ नका, त्याला कमीपणा वाटेल."

विचारलं होतं त्याने. सगळ्यांदेखत. माझ्यासाठी.

गाडीतून आत्ता गाण्याचा आवाज येतोय. गुरं शांत आहेत. हेवा अजून वाटतो मला त्याचा — पण तोंडावरच्या जागेचा नाही.