ताईला आयसीयूत कधी सोडायचं

आत्ते, शुद्धलेखन चुकलं तर रागावू नको. टाईप पण हळू होतं माझं, दिवसभर जेटीवर बर्फात मासळी भरून बोटं सुजतात. तू गेलीस तेव्हा मी लहान होते. मग शाळा सुटली आणि हातात फोन आला.

ताई नर्स झाली, तुझ्यासारखीच. पावसापासून इथल्याच एका हॉस्पिटलात जनरल वॉर्डला आहे. परवा मॅट्रननी विचारलं, आयसीयूत येशील का, तिकडे माणसं कमी पडतायत. ताई नाचतच घरी आली. बाबा म्हणाले, "जा. मशीनवर काम म्हणजे मान." आई कोलंबी सोलत होती, वर न बघताच म्हणाली, "तुमची बहीण असती तर काय म्हणाली असती?" सकाळी जाऊन हो की नाही ते सांगायचं होतं. तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत होतं, पण मी कशी आहे तुला ठाऊक आहे, चारजणांत तोंडातून शब्द निघत नाही.

तो रविवार मला दिसतो. तू मोरीत बांगडे साफ करतेयस, मी तुझ्या पाठीला टेकून बसलेय, आणि तू इन्चार्ज होतीस त्या वॉर्डातली एक नवीन सिस्टर दारात उभी राहून रडतेय. हुशार होती ती, सगळी औषधं तोंडपाठ, तूच सांगायचीस. तरी तिला वॉर्डातच ठेवून तिच्या मागून आलेल्या घाबरट पोरीचं नाव तू आयसीयूला दिलं होतंस. "सिस्टर, माझी एक तरी चूक दाखवा," ती म्हणाली. तू म्हणालीस, "चूक नाय गो. पण मला हे येत नाय, असं कधी बोललीस तू? ती सारखी विचारून माझं डोकं खाते." "म्हणजे जिला येत नाही तिलाच पाठवता?" तू हसलीस, हात तसेच खवल्यांचे. "वॉर्डात तुझं लक्ष चुकलं तर बाजूच्या खाटेवरची म्हातारी बोंब मारते, सिस्टर, बाटली संपली बघा. आयसीयूत नळी घातलेलं माणूस काय बोंब मारणार? तिथे तुलाच तोंड उघडायला लागतं. महिने मोजू नको बाय. विचारायला लागलीस की मीच सोडीन तुला." मग तिला जेवायला बसवलंस. आणि पुढे सोडलंस पण. त्या दिवशी पेढे तूच आणलेस, जसं काय तुझंच प्रमोशन. तुला सगळ्या का घाबरायच्या आणि तरी रविवारी आपल्याच घरी का यायच्या, ते मला आता कळतं.

परवा रात्री जेवताना मी हे ताईला सांगितलं. एवढं लांब मी कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, "तू शिकवणार मला? नववीतून पळालेली." मी ताट घेऊन मागच्या दारी बसले. सकाळी वेणी घालताना तिनेच विचारलं, "आत्ते नक्की असं बोलली होती?" मी हो म्हटलं. ती आरशातच बघत होती. "तो औषधाचा पंप आहे ना, कोणी दाखवला की मी नुसती मान डोलावते. येत नाही मला."

संध्याकाळी आली ती चप्पल न काढताच सांगायला लागली. ड्युटी बदलताना सगळ्या उभ्या असतात, तेव्हा ती बोलली, मला पंप येत नाही. दोघी हसल्या. इन्चार्ज हसली नाही, तिथेच हात धरून दाखवला. मग ताईने मॅट्रनना सांगितलं, येते, पण शिमग्यानंतर, तोवर वॉर्डातच विचारून घेते. मॅट्रन म्हणाल्या, "बरं. शिमग्यानंतर मी बोलवणार नाही, तयार झालीस की तूच येऊन सांग." आईने तुझ्या फोटोला अबोलीचा वळेसर घातला.

मी धीट झाले असं समजू नको. जेटीवर शेठ भराभर सांगतो तेव्हा मी अजून मानच डोलावते. आणि हे पाठवणार कुठे, फोनातच राहील.

मांजरीने बाबांच्या लाईफ जॅकेटवर पिल्लं घातली. बाबा आज शेजाऱ्यांचं मागून घेऊन बोटीवर गेले.