लांब पल्ल्याची लेन्स

प्रिय ठकू,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, घरात एवढं मोठं खोकं कसलं आलंय म्हणे?" आणि मी "काही नाही गं, किरकोळ सामान" म्हणून वेळ मारून नेली. शेजारच्या काकूंनी तुझ्यापर्यंत बातमी पोचवलीच तर! मग आता नीट ऐक. त्या खोक्यात एक लेन्स आहे. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत येईल एवढी लांब, आणि तू जन्मलीस तेव्हा जेवढी भरली होतीस जवळपास तेवढ्या वजनाची. किंमत विचारू नकोस. तुझी आई असती तर तिने मला लेन्ससकट घराबाहेर काढलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी "दाखवा बघू जरा" म्हणत स्वतःच डोळा लावून बसली असती.

निवृत्तीच्या दिवशी तू मला तो छोटा कॅमेरा दिलास ना, तेव्हा तुला वाटलं असेल की बाबा फुलांचे, ढगांचे फोटो काढतील. पहिला महिनाभर मी काय केलं ते तुला कधी सांगितलं नाही. मी दातांचे फोटो काढले. जुन्या साच्यांचे, मेणात बसवलेल्या कवळ्यांचे, आरशासमोर उभं राहून माझ्या स्वतःच्या दाढांचे. अडतीस वर्षं ज्याने लोकांचे दात घडवले त्याला दुसरं सुचणार तरी काय? आमचं सगळं काम नाकापासून वीतभर अंतरावर. दिवा, मेण, कोरणी, आणि दाताच्या कडेची केसाएवढी फट. खिडकीबाहेर झाड होतं हे मला प्रयोगशाळा सोडताना सामान आवरायला लागलो तेव्हा कळलं.

मग फ्रेमवाल्याकडे तुझ्या आईचा फोटो मढवायला टाकला होता, त्याने सांगितलं की त्याच्या दुकानाच्या वरच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी फोटोवाले जमतात. नाखुशीनेच गेलो. बघतो तर एका लांब टेबलावर धुतलेला पांढरा टॉवेल पसरलेला आणि त्यावर प्रत्येकाने गेल्या महिन्यात जे काही नवं घेतलं ते मांडलेलं. लहान मुलं गोट्या दाखवतात तसं. बाकीच्यांनी आधी हात पुसायचे, मग विचारून उचलायचं, डोळ्याला लावायचं आणि हेवा वाटला तरी "वा!" म्हणायचं. औषधाच्या दुकानाचे मालक येतात, त्यांच्याकडे कॅमेऱ्याच्या बॅगा आठ आणि दाखवण्यासारखे फोटो चार. दर वेळी नवी बॅग आणतात आणि "हिला एक गुप्त कप्पा आहे" असं सगळ्यांना सांगतात, म्हणजे तो गुप्त राहतच नाही. गणिताच्या एक बाई आहेत, त्या खरेदी कमी आणि हिशेब जास्त करतात. आणि रुग्णालयातल्या एक सिस्टर. दोन गल्ल्या सोडून राहतात. त्यांनी अगदी जवळून टिपणारी लेन्स घेतली होती. त्यांनी मला मुंगीचा चेहरा दाखवला. ठकू, मुंगीला चेहरा असतो! मिश्या सावरत ती माझ्याकडे अशी बघत होती की मी चक्क नजर खाली घेतली. इतक्या वर्षांत ज्या चिरडल्या गेल्या असतील त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

त्या टेबलाच्या टोकाला एक वयस्कर गृहस्थ बसायचे. जन्मभर जमिनीची मोजणी केली, म्हणून सगळे त्यांना मोजणीसाहेब म्हणतात. ते कधी काही मांडायचे नाहीत. गेल्या महिन्यात मात्र त्यांनी ही लेन्स आणली, टॉवेलवर ठेवली आणि म्हणाले, "ही नवी नाही. माझीच आहे. पण हात आता थरथरतात, धरवत नाही. कुणाला तरी नवी होऊ दे." सगळ्यांनी हात पुसले, पण उचलायला कुणी पुढे होईना. मी त्यातल्या त्यात नवखा, मला लाज कमी. मी विचारलं, "यातून दिसतं तरी काय?" साहेब हसले. म्हणाले, "बघा की." त्यांनी फ्रेमवाल्याच्या खिडकीत ट्रायपॉड लावला, तू दिलेला कॅमेरा लेन्सला जोडला आणि गावाच्या पलीकडल्या कडेला पाण्याची उंच टाकी आहे तिकडे वळवला. नुसत्या डोळ्यांना ती टाकी अंगठ्याएवढी. मी डोळा लावला तर टाकीच्या कठड्यावर एक कबूतर बसलेलं, आणि त्याने पापणी मिटली. खालून वर मिटली, ठकू. त्याच्या मानेवरचे जांभळे-हिरवे रंग वाऱ्याने हलत होते आणि मी इकडे श्वास रोखून उभा, जणू माझ्या श्वासाने ते उडेल. डोळा काढला की परत अंगठ्याएवढी टाकी. लावला की कबुतराची पापणी. मी असा लहान मुलासारखा पाचसात वेळा डोळा लावत-काढत राहिलो. एवढी वर्षं ते सगळं तिथे होतंच की, फक्त मी वीतभर अंतरातच बघत होतो.

लेन्स मी घेतली. मोजणीसाहेबांनी एकच अट घातली, की पहिल्या खेपेला त्यांनाही बरोबर न्यायचं. ती उचलून मी जिना उतरलो. मीच उतरलो, हो. जिन्यावर कुठे थांबलो नाही, धाप लागली नाही. छातीचा विषय पुढे येतोच आहे.

पुढच्या बुधवारी पहाटेच्या बसने आम्ही दोघं धरणाच्या मागच्या बाजूला गेलो, जिथे पाणी ओसरून नुसता चिखल उरतो. मी लेन्स पाठीवर घेतली होती, साहेबांनी घडीची दोन स्टुलं. उजाडायला लागलं तसा तो चिखल हलायला लागला. खरंच हलायला लागला! आधी वाटलं वाफ आहे, मग कळलं की पक्षी आहेत, हजारो, चिखलाच्याच रंगाचे, लांब चोची खुपसत पुढे सरकणारे. एकाएकी कशाने तरी बिचकून सगळेच्या सगळे उठले. त्यांच्या पंखांचा आवाज मी तुला कसा सांगू! खूप मोठं कापड कुणीतरी एका दमात टरकन फाडावं तसा. आभाळात त्यांची एक चादर वळली, काळी झाली, पांढरी झाली, आणि पुन्हा अलगद खाली उतरली. साहेब कितीदा तरी तिथे आलेत, तरी टोपी काढून उभे राहिले. मी फोटो काढायचंच विसरलो. "अहो, दाबा ना," असं त्यांनी कोपराने ढोसलं तेव्हा मी भानावर आलो.

घरी येऊन फोटो बघत होतो तर एका पक्ष्याच्या डाव्या पायावर पिवळं काहीतरी दिसलं. पुढच्या महिन्याच्या रविवारपर्यंत धीर निघेना, म्हणून सगळ्यांना फ्रेमवाल्याकडे बोलावून घेतलं. औषधवाले म्हणाले, "प्लास्टिक अडकलं असेल, कचरा." सिस्टरांनी फोटो मोठा केला. ती पट्टी होती आणि तिच्यावर काळी तीन अक्षरं. मोजणीसाहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, "ही कुणीतरी बांधलेली आहे. कुणीतरी या पक्ष्याची वाट बघतंय." कुठे कळवायचं ते बाईंनी शोधून काढलं आणि आम्ही फोटो पाठवला.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. ती मादी आहे. एकोणीस वर्षांपूर्वी दूर उत्तरेच्या एका दलदलीत, पिल्लू असताना, तिच्या पायात ती पट्टी बांधली होती. दर वर्षी ती उन्हाळ्यात तिकडे जाते आणि थंडीत इकडे येते. गेली सहा वर्षं ती कुणालाच दिसली नव्हती, त्यामुळे ती मेली असंच तिकडचे लोक धरून चालले होते. गणिताच्या बाईंनी तिथल्या तिथे फ्रेमवाल्याच्या पावतीमागे गणित मांडलं आणि पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "पृथ्वीला सहा प्रदक्षिणा होतील एवढी उडलीय ही." आणि वजन किती, माहीत आहे? एका माणसाच्या वरच्या आणि खालच्या जबड्याचा प्लास्टरचा साचा हातात धरलास तर भरेल तेवढं. असे साचे मी हजारो हाताळलेत. संध्याकाळी घरी त्यातलाच एक जोड तळहातावर घेऊन किती वेळ नुसता बसलो होतो. एवढंसं वजन, आणि खाली समुद्र. तिला कुणी रस्ता सांगत नाही, कुणी पोचवायला जात नाही. आणि ती पोचते.

ज्या बाईंनी तिला पट्टी बांधली होती त्या आता निवृत्त आहेत. त्यांनी आमचा फोटो पाहून चार ओळी लिहिल्या. त्यातलं मला असं समजलं, की पट्टी बांधायची आणि सोडायचं, ही दोन्ही कामं एकाच मिनिटात करावी लागतात. माया वाटली म्हणून जास्त वेळ धरलं तर पिल्लू हातातच दगावतं. हे सिस्टरांनी वाचून दाखवलं तेव्हा सगळे "अरेरे" म्हणाले. मी पाणी पिण्याच्या निमित्ताने जिन्यात जाऊन उभा राहिलो.

आता छातीचं. मागच्या वर्षी माझ्या छातीत दुखलं हे खरं. मी घाबरलो हेही खरं. पण ते चौथ्या दिवशी थांबलं होतं, ठकू. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं की स्नायू धरलाय, हृदय ठणठणीत आहे. तुला मी त्यातलं अर्धंच सांगितलं. तू सुट्टी घेऊन आलीस, सकाळी मला हाताला धरून फिरायला नेत होतीस, तुझ्या हातची आमटी जेवायला मिळत होती, घरात कुणीतरी बोलत होतं. तू निघायचा विषय काढलास की माझा हात आपोआप छातीवर जायचा. तो दुखत असल्यामुळे जात नव्हता. तीन महिने मी तुला असं थांबवून ठेवलं. समुद्राचा तळ मोजणाऱ्या त्या जहाजावरची जागा तेवढ्यात दुसऱ्या कुणाला गेली आणि तू म्हणालीस, "जाऊ दे बाबा, मला तसंही बोट लागते." मला माहीत होतं तू खोटं बोलतेयस. मी ते खोटं आनंदाने ऐकून घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाने एवढं लहान व्हावं, याची मला लाज वाटते. फोनवर हे सांगायला तीनदा गेलो, पण तुझा आवाज ऐकला की मी जेवणाखाण्याचंच बोलून फोन ठेवतो. म्हणून कागद घेतला.

तुझ्या मावशीने मला शनिवारी सांगितलं, की त्या जहाजाकडून तुला पुन्हा विचारणा झाली आहे, दोन वर्षांसाठी, आणि महिनाअखेरीला तू नकार कळवणार आहेस. कारण मी. तिने मला सांगू नये म्हणून तू तिला शपथ घातलीस, तिने ती मोडली, तिच्यावर रागावू नकोस. काल मी स्वतःहून डॉक्टरांकडे जाऊन सगळ्या तपासण्या करून घेतल्या. कागद सोबत जोडले आहेत, या वेळी पूर्ण. घराची एक किल्ली सिस्टरांकडे दिली आहे आणि त्या दिवसाआड डोकावणार आहेत. स्वयंपाक मला येतो, कंटाळा येतो एवढंच. तू गेलीस की मला त्रास होईल. होणार नाही असं लिहिलं तर ते पुन्हा अर्धंच सांगणं होईल. पण तो माझा मला सोसू दे. तू त्यांना हो कळव. मला विचारायला फोन करू नकोस, मी पुन्हा काहीतरी बोलून बसेन. आधी त्यांना कळव, मग मला.

तुझाच,
बाबा