तिसरा बार होईपर्यंत

हासलरीड, १४ जानेवारी १९८५

चि. नोटबुर्गा हिस,
क्विरिनमामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या लग्नाची तारीख अठरा मे ठरली, हे तुझ्या आईने, त्सेंझीताईने सांगितलं त्याच आठवड्यात मी एक उद्योग केला आहे. बसली असशील तर सांगतो. मी तोफ घेतली.

घाबरू नकोस, जुनी खरीखुरी नव्हे. गडावर दारापाशी ठेवलेली आहे ना, तिच्याबरहुकूम पलीकडच्या खोऱ्यातल्या लोहाराने नव्या पोलादात घडवली आहे. ओकच्या लाकडाची चाकं, नळी माझ्या हाताएवढी लांब. तिच्यात गोळा घालत नाहीत. नुसती दारू आणि वरून बूच, म्हणजे फक्त आवाज. तुझी आफ्रामामी म्हणते की मग तर ती थेट तुमच्यासारखीच आहे. शिवाय, या वयात लोक गुडघ्याला पट्टा घेतात आणि यांनी तोफ घेतली, हे तिने पावाच्या दुकानात उभं राहून सगळ्यांना सांगितलं आहे.

गावातल्या नवरीला पहाटे तीन बार काढून उठवायचं आणि त्यासाठी तोफ शेजारच्या गावातून उसनी आणायची, ही लाज मला फार वर्षं खात होती. बाप्तिस्म्याच्या वेळी तुला हातात धरणारा मी. तुला परक्या गावाच्या तोफेने जाग येऊ देईन होय? पण तोफ घेणं सोपं, वाजवणं अवघड. आधी ती म्युनिकला तपासणीला जाणार. तिथे नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढतात आणि नळी टिकली तरच ठसा मारतात. मग मी शिकवणीला जाणार, परीक्षा देणार, माझ्या नावावर काही भानगड नाही असा पोलिसांचा दाखला आणणार, तेव्हा कुठे दारू विकत घ्यायचा परवाना. हे सगळं मेच्या आत. तुझ्यासाठी काय वाटेल ते.

कास्टलला आशीर्वाद सांग. पोरगा सोन्यासारखा मिळाला.

मामावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
क्विरिनमामा


पासाऊ, १० फेब्रुवारी १९८५

ती. क्विरिनमामास,
बुर्गीचे साष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं पत्र वाचून कारखान्यात सगळ्यांना तोफेची बातमी दिली. आमचं काम म्हणजे चर्चच्या ऑर्गनच्या नळ्यांना सूर लावायचा, दिवसभर श्वास रोखून ऐकायचं. म्हाताऱ्या मालकांनी निरोप दिला आहे की तुझ्या मामाला आमच्या दाराजवळून तोफ नेऊ देऊ नकोस.

इथे मी मजेत आहे. दर शुक्रवारी कास्टल मला गावी न्यायला गाडी घेऊन येतो आणि रविवारी परत सोडतो. त्याच्या आईवडिलांच्या घरावर आमच्यासाठी मजला चढवला आहे. स्वयंपाकघराच्या फरश्या बसल्या, पिवळ्या. मला कोणत्या आवडतील हे सासूबाईंना ठाऊक होतं, म्हणून विचारायला थांबले नाहीत. माणसं अतिशय चांगली आहेत, हे मी आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. पण मामा, त्या घरात माझं एक वाक्य पुरं होत नाही. मी म्हणते की मला वाटतं, आणि पुढे काय वाटतं ते कास्टल सांगतो. हॉटेलात मी काय पिणार तेही तोच सांगतो. गेल्या रविवारी त्याने सगळ्यांना सांगितलं की बुर्गी मेमध्ये काम सोडणार. तोंडात घास होता तो गिळेपर्यंत विषय बदलून गेला. सासूबाईंनी तर आमच्या मालकांना निरोपाचा केकसुद्धा कबूल केला आहे.

मला तुला एक सांगायचं आहे. करवतीच्या कारखान्यात तुझे कान गेले, त्यामुळे फोनवर तुला ऐकू येत नाही. आणि घरी आले की आजूबाजूला कुणी ना कुणी असतंच. पत्रातही नीट जमत नाही. पुढच्या वेळी लिहीन.

मामीला नमस्कार. लोभ आहेच, तो तसाच राहू दे.
तुझी,
बुर्गी


हासलरीड, १७ मार्च १९८५

चि. बुर्गी हिस,
मामाचे आशीर्वाद, आणि एका उत्तीर्ण तोफवाल्याचे आशीर्वाद आहेत म्हणून दुप्पट घे.

पास झालो. शिकवणी खानावळीच्या मागच्या खोलीत होती. शिकवायला व्होल्फग्रूबर, आपल्या गावच्या बिनतोफेच्या बारवाल्या मंडळाचा प्रमुख. माणूस कमी बोलतो आणि दुसऱ्यालाही बोलू देत नाही, त्यामुळे माझे हाल झाले. पहिला धडा, नळीच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, रिकामी असली तरी नाही. दारू भरताना तोफेजवळ एकच माणूस, बाकी सगळे दोरीच्या मागे. दारू तोललेली हवी, शेजारच्या गावाला खिजवायला चिमूटभरही जास्त नाही. एक बार झाला की नळी ओल्या बोळ्याने पुसायची, मगच दुसरा भरायचा, कारण आत ठिणगी टपून बसलेली असते. आणि बार उडवायची दोरी हातात घेण्यापूर्वी चारी बाजूंना बघून मोठ्याने विचारायचं की सगळे मागे आहेत ना. हे मोठ्याने विचारण्यात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले.

तोफही पास झाली. नळीवर ठसा आहे, आता पाच वर्षं चिंता नाही. तुझ्या लग्नाचे तीन बार बिनचूक झाले की मंडळ मला सभासद करून घेणार. मला किती वर्षांपासून मंडळाच्या टोपीची हाव आहे हे तुला माहीत आहे. गाव तर वेडं झालं आहे. बॅन्डवाले बार संपताक्षणी तुमच्या अंगणात वाजवायला येणार आहेत, खानावळवाल्याने तोफेच्या आकाराचा पाव करायचं मनावर घेतलं आहे.

तुला जे सांगायचं होतं ते माझ्या लक्षात आलं आहे. माझ्या उरल्यासुरल्या कानांची काळजी, दुसरं काय! कानांवर घालायला चांगल्या जाड टोप्या घेतल्या आहेत. म्हणजे ते मिटलं.

नवरीने एकच लक्षात ठेवायचं. तिसरा बार होईपर्यंत तू अंथरुणातून उठायचं नाहीस आणि घरात कुणी अवाक्षर काढायचं नाही. तुझ्या आईने त्या नियमापायी स्वतःच्या लग्नात शिंक दाबून धरली होती.

बाकी भेटीत. मामीचा जीव तुझ्यात आणि माझा तोफेत, असं ती म्हणते, पण ते अर्धंच खरं आहे.
तुझा,
क्विरिनमामा


पासाऊ, १३ मे १९८५

ती. मामास,
सा. न. वि. वि.

कान नव्हे मामा. ते कानांबद्दल नव्हतं.

मला कास्टलशी लग्न करायचं नाही. हे वाक्य लिहून मी बराच वेळ नुसती बघत बसले, कारण एवढं आख्खं मी पहिल्यांदाच बघते आहे.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नकोस. आईला सांगितलं. ती म्हणाली की लग्नाआधी सगळ्यांच्याच पोटात गोळा येतो, तिच्याही आला होता, आणि मला गरम दूध करून दिलं. पाद्रीबाबांना सांगितलं, ते म्हणाले की शंका येणं हे गंभीर मनाचं लक्षण आहे. कास्टलला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा तो म्हणाला की तू दमली आहेस, आणि तिसऱ्या वेळी त्याने मला विश्रांती मिळावी म्हणून इटलीतलं हॉटेल ठरवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. भांडायला तरी काहीतरी मिळालं असतं. इथे जिथे हात लावावा तिथे मऊच लागतं, आणि दार काही सापडत नाही.

आणि आता तू. मला सांगताना सर्वांत जास्त भीती तुझी वाटते, कारण तू माझ्यासाठी म्हणून तोफ घेतलीस, या वयात परीक्षा दिलीस. प्रत्येक पत्र आलं की वाटायचं, आणखी एक खिळा बसला. तुझ्यावर राग नाही मामा. पण खरं ते हेच.

मी स्वतःला ओळखते. तीन बार झाले की सगळं खोरं दारात येऊन उभं राहणार, अंगणात बॅन्ड वाजणार, आणि इतक्या डोळ्यांसमोर माझ्याच्याने मागे फिरवणार नाही. मी उठेन, पांढरा पोशाख घालीन आणि चर्चमध्ये हो म्हणेन. म्हणून पाया पडून सांगते, शनिवारी बार काढू नकोस. तुझी टोपी जाईल, हे मला कळतं. पण दुसरं कुणाला सांगू हे मला सुचत नाही.

मी गुरुवारी घरी येते. हे पत्र तोवर तुला मिळेल की नाही, देव जाणे.

काही झालं तरी तुझीच,
बुर्गी


हासलरीड, २० मे १९८५

चि. क्विरिन यास,
त्सेंझीचे आशीर्वाद. द्यायचं मन नाही, पण धाकटा आहेस म्हणून देते.

दोन गल्ल्या सोडून राहतोस तरी लिहिते आहे, कारण समोर आलास तर माझा आवाज चढेल, आणि तुझ्याशी बोलायचं तर तो तसाही चढवावाच लागतो. तुझ्या त्या भंगाराने माझ्या घराचं काय केलं ते ऐक.

गुरुवारी येऊन दोन तास तू फक्त तोफेवर बोललास. चाकांना वंगण कोणतं, बूच कसं ठोकायचं. बुर्गी तुझ्या तोंडाकडे एकटक बघत होती बिचारी, आणि तू तिला साधं कशी आहेस विचारलं नाहीस. विहीणबाई शेजारीच बसल्या होत्या, त्यांच्यासमोर मला ओशाळल्यासारखं झालं.

शनिवारी पहाटे आम्ही सगळ्या बुर्गीच्या खोलीत जमलो. विहीणबाई पोशाख सांभाळत दाराशी, मी पलंगाच्या पायथ्याशी, दोघी आत्या खिडकीत. रीतीप्रमाणे सगळ्या चिडीचूप. पोर छातीवर हात ठेवून आढ्याकडे बघत पडलेली. आम्ही वाट बघतो आहोत, बार काही होईना. कुरणावरून व्होल्फग्रूबरचा आवाज तेवढा आला की बार फसला आहे, आत दारू पेटत असेल, कुणी दोरी ओलांडायची नाही. पुन्हा शांतता. पुन्हा तसंच ओरडणं. आता पहिलाच बार झाला नाही म्हटल्यावर बोलायचं कुणी? कुणीच नाही. विहीणबाईंनी तर ओठ आत घेऊन दाबून धरले होते.

आणि त्या शांततेत बुर्गी अंथरुणात उठून बसली आणि बोलायला लागली. म्हणाली की मला हे लग्न करायचं नाही. कास्टल चांगला आहे, तुम्ही सगळ्याच चांगल्या आहात, पण मला माझं काम सोडायचं नाही, त्या पिवळ्या स्वयंपाकघरात राहायचं नाही, आणि माझ्याऐवजी दुसऱ्याने बोललेलं ऐकत म्हातारं व्हायचं नाही. हे मी तुला मार्चमध्ये सांगितलं आई, आणि तू मला दूध दिलंस. क्विरिन, ती थांबत थांबत बोलली, मध्ये श्वास घेत, आणि आमच्यातल्या एकीनेही तिचं वाक्य तोडलं नाही. आम्ही बाराची वाट बघत होतो म्हणून तोडलं नाही, दुसरं काही कारण नाही. बार झाला असता तर मी तिच्या पोशाखाची बटणं लावत असते.

मग तिने नाइटगाउनवर माझा कोट चढवला आणि एकटी चालत कास्टलकडे गेली. तो जिन्यात बसून बूट पॉलिश करत होता म्हणे. ऐकून घेतलं आणि म्हणाला की आधी सांगायचंस. ती म्हणाली की तीनदा सांगितलं. त्याने थोडा विचार केला आणि हो म्हणाला. एवढंच. रडला असेल तर ती गेल्यावर.

माझी तर सगळ्या गावासमोर मान खाली गेली. शंभर माणसांचं जेवण, तो तोफेचा पाव, बॅन्ड दारातून परत. दोन दिवस तुला शिव्या घालते आहे. पण काल रात्री बुर्गी आपलं आपण दोन ताटल्या जेवली आणि दिव्याखाली गाढ झोपून गेली, तेव्हा मनात आलं की ही पोर ख्रिसमसपासून जेवत नव्हती, आणि मला दिसलं नव्हतं.

तरीही लोहाराकडून पैसे परत माग. असली तोफ ठेवून उपयोग काय?

आफ्राला आशीर्वाद. या रविवारी जेवायला येऊ नका. त्यापुढच्या रविवारी या.
तुझी ताई,
त्सेंझी


हासलरीड, २६ मे १९८५

चि. बुर्गी हिस,
मामाचे पोटभर आशीर्वाद.

तू पासाऊला सुखरूप पोचलीस, मालकांनी तुझी जागा दुसऱ्या कुणाला दिली नव्हती, हे वाचून मामीने चर्चमध्ये मेणबत्ती लावली. आता तुला जे सांगायचं देणं लागतो ते सांगून टाकतो. वाचून झालं की हे पत्र चुलीत घाल.

तुझं पत्र बुधवारी दुपारी मिळालं. मी ते तीनदा वाचलं, आणि मग तुझी आधीची पत्रं काढून वाचली. फेब्रुवारीपासून तू हाका मारते आहेस आणि मी तुला वंगणाच्या गोष्टी सांगतो आहे. फार वाईट वाटलं मला. गुरुवारी तुला सांगायलाच आलो होतो, पण ती विहीणबाई जागची हलेना. आणि हळू बोलणं मला जमत नाही. मी तुझ्या कानात कुजबुजलो असतो तर चर्चपर्यंत ऐकू गेलं असतं. त्सेंझीताईशी बोलावं असंही वाटलं. पण मग ते माझं बोलणं झालं असतं, आणि तुझं वाक्य पुरं करणाऱ्यांत आणखी एकाची भर पडली असती.

शनिवारी मी तोफेत दारू भरलीच नाही. दारूची पेटी कुलपातच राहिली. भरताना जवळ एकच माणूस, हा नियम किती शहाणपणाचा आहे बघ. बूच तेवढं जोर लावून ठोकलं, खाली ठिणगी पाडणारी छोटी पितळी टोपी बसवतात ती आधीच उडालेली बसवली, सगळे मागे आहेत ना म्हणून ओरडलो आणि दोरी ओढली. नुसतं टक् झालं. आता फसलेल्या तोफेकडे लगेच कुणी जायचं नसतं, हा या विद्येतला सर्वांत कडक नियम. सगळं मंडळ आणि बॅन्ड दोरीमागे खिळून उभे, आणि रिकाम्या तोफेजवळ मी. वेळ संपली तशी आणखी एकदा ओढली. मला तुमच्या खिडकीतला दिवा दिसत होता. आत काय चाललं आहे ते कळत नव्हतं. उभ्या जन्मात इतका वेळ मी गप्प राहिलो नव्हतो.

शेवटी व्होल्फग्रूबर आणि मी दोघेच पुढे गेलो, नळीत पाणी ओतलं, बूच उपसलं. त्याने आत बोट घालून पाहिलं, बोटाचा वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मग मंडळाकडे वळून म्हणाला की दारू ओली होती. टोपीचं काय ते पुढच्या वर्षी बघू, असं मंडळाने ठरवलं आहे. त्याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला सांगू?

खानावळीत रोज कुणीतरी विचारतं की तुझ्या तोफेमुळे भाचीचं लग्न मोडलं ना. मी हो म्हणतो. त्सेंझीताईलाही तेच सांगितलं आहे. तुझ्याकडे कुणी बोट दाखवण्यापेक्षा तोफेकडे दाखवलेलं बरं. ती पोलादाची आहे, तिला काही होत नाही.

सवड होईल तेव्हा ये. आलीस की सावकाश बोल, आम्ही दोघं बसून ऐकू.
तुझा,
क्विरिनमामा